नौकेच्या पोटांतील बैठक

मुंबईच्या बंदरांतून लाँचनें पलीकडच्या कांठास गेलेल्या प्रत्येकानें पायांखालची धडधड अनुभवलेली असेल. लाँच धक्क्याला लागलेली असते तोंपर्यंत ती मंद असते. दोर सुटला, तांडेलानें वेग वाढविला, कीं ती फळ्यांतून चढत चढत आपल्या बांकापर्यंत येऊन पोहोंचते. पहिलीं दोन मिनिटें ती जाणवते. मग आपण तिला विसरतों आणि पाण्यावर झेपावणाऱ्या पक्ष्यांकडे पाहूं लागतों. तिला विसरतां येतें याचें कारण असें कीं, तिची काळजी वाहणारी एक वस्तु नौकेच्या तळाशीं मुकाट्यानें बसलेली असते. ती वस्तु म्हणजे इंजिनाची बैठक. आज मी आपणांस या बैठकीची हकीकत सांगणार आहें.

इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें सिंहासनें उभीं राहतात. आजचें आसन दिसावयास अगदीं गरीब आहे. तें तेलानें काळवंडलेलें असतें, अंधारांत दडलेलें असतें, आणि त्याला नमस्कार करावयास कोणी जात नाहीं. पण सिंहासन ढळलें तर एखादें राज्य जातें. हें आसन ढळलें तर, बंदराच्या तोंडाशीं, भरतीच्या ओढींत आणि खडकांच्या शेजारीं, नौकेंतील माणसांचे प्राण पणाला लागतात. म्हणून त्याचीहि चौकशी करणें अगदींच अप्रस्तुत होणार नाहीं.

नौकेंत यंत्र प्रथम शिरलें तें वाफेचें. रॉबर्ट फुल्टन यानें १८०७ सालीं हडसन नदीवर न्यूयॉर्कपासून ऑल्बनीपर्यंत आपली वाफेची नौका चालवून दाखविली. त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आंतच हें वारें मुंबईस येऊन लागलें. मुंबईच्या गोदींत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजीं सुएझकडे निघाली व एप्रिलांत तेथें पोहोंचली. तिच्या पोटांत प्रत्येकीं ८० अश्वशक्तीचीं दोन यंत्रें होतीं, आणि कोळसा इतका लागे कीं तो ठेवण्यासाठीं माणसांच्या खोल्याहि अडवाव्या लागल्या. ही गोदी ज्या वाडिया घराण्यानें नांवारूपास आणली, त्यांतीलच अर्देशीर खरशेटजी यांनीं वाफेच्या यंत्राचा ध्यास घेतला, आणि १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य होण्याचा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ ठरले.

त्या काळच्या आगबोटींना दोन्ही बाजूंस मोठीं चक्रें असत. चक्रांचा दांडा नौकेला आडवा बसे. यंत्र अवजड खरें, पण त्याची चाल संथ. आणि त्याचें ओझें जाड लांकडाच्या अनेक तुळयांवर वांटलें जाई. बैठकीचा प्रश्न तेव्हां मुख्यतः वजनाचा होता. त्याला निराळें वळण लागलें तें पंख्यामुळें. १८३६ सालीं फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रज शेतकऱ्यानें व जॉन एरिक्सन या स्वीडिश यंत्रज्ञानें नौकेच्या मागें, पाण्याखालीं फिरणाऱ्या मळसूत्री पंख्याचीं पेटंटें स्वतंत्रपणें घेतलीं. स्मिथची एक गोष्ट मोठी गमतीची आहे. त्याचा लांकडी पंखा लांब मळसूत्रासारखा होता. १८३७ सालीं कालव्यांतील एका फेरींत त्याचा जवळजवळ अर्धा भाग मोडून पडला, आणि नौका थांबण्याऐवजीं अधिक वेगानें धांवूं लागली! अपघातानें दिलेला हा धडा स्मिथनें मुकाट्यानें गिरविला व पुढील पंखे आंखूड केले. १८४५ सालीं ब्रिटिश आरमारानें पंख्याची ‘रॅटलर’ व चक्रांची ‘अलेक्टो’ या दोन नौका शेपटीला शेपटी बांधून एकमेकींविरुद्ध ओढावयास लावल्या, तेव्हां ‘रॅटलर’नें ‘अलेक्टो’स मागें फरफटत नेलें. चक्रांचे दिवस भरत आल्याची ती खूण होती.

पंखा आला आणि त्याच्याबरोबर एक कठोर अट आली. पंखा नौकेच्या मागच्या टोंकाला, यंत्र पोटांत, आणि दोहोंना जोडणारा दांडा म्हणजे शाफ्ट. हीं तिन्ही एका सरळ रेषेंत असलींच पाहिजेत. शाफ्ट जेथून नौकेबाहेर पडतो तेथें पाणी आंत येऊं नये व शाफ्टहि झिजूं नये, हें मोठें कोडें होतें. तें १८५४ सालीं जॉन पेन या इंग्रज यंत्रज्ञानें सोडविलें, आणि तेंहि लांकडानें. लिग्नम व्हायटी नांवाचें अतिशय कठीण व मूळचेंच स्निग्ध असें लांकूड आहे. त्याच्या पट्ट्या त्यानें शाफ्टभोंवतीं बसविल्या आणि वंगण म्हणून समुद्राचेंच पाणी योजिलें. लोखंडाच्या युगांतहि लांकडानें आपली जागा सोडली नव्हती, हें येथें ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

यानंतरचें पाऊल जर्मनींत पडलें. १८८६ सालीं गॉटलीब डाइमलर व विल्हेल्म मायबाख यांनीं आपलें लहानसें पेट्रोल इंजिन एका होडींत बसविलें व नेकार नदीवर ती चालविली. पेट्रोलच्या नांवानें लोक घाबरत. तेव्हां डाइमलरनें होडीभोंवतीं तारा व चिनी मातीचे गट्टू लावून ती विजेवर चालते असा आभास उत्पन्न केला, असें सांगतात. युक्ति कांहीं असो, त्या दिवसापासून इंजिन हें केवळ मोठ्या आगबोटींचें भूषण राहिलें नाहीं. तें मच्छीमाराच्या, नावाड्याच्या व हौशी गृहस्थाच्या होडींत येऊन बसलें. आणि लहान होडींत बसलेलें हें नवें इंजिन वाफेच्या यंत्रासारखें संथ नव्हतें. त्याच्या पोटांत मिनिटाला शेंकडों स्फोट होत.

श्रोतेहो, अशा इंजिनाच्या बैठकीला चार कामें करावीं लागतात. पहिलें, इंजिनाचें वजन धरून ठेवणें. आणि लाटांवर नौका आपटते तेव्हां तें वजन कितीतरी पटींनीं वाढल्यासारखें होतें. दुसरें, पंख्याचा रेटा सोसणें. पंखा पाणी मागें लोटतो म्हणून नौका पुढें जाते. लहान नौकेंत तो पुढचा रेटा शाफ्टमधून इंजिनावर, इंजिनापासून बैठकीवर आणि बैठकीपासून नौकेच्या अंगावर येतो. म्हणजे नौकेला खरोखर ढकलणारी वस्तु ही बैठकच होय. तिसरें, पीळ सोसणें. शाफ्ट एका बाजूला फिरतो तेव्हां इंजिन दुसऱ्या बाजूला कलंडूं पाहतें. आणि चौथें, रात्रंदिवस चालणारी ती धडधड पचविणें. हीं चारहि कामें करीत असतां बैठकीनें तिळभरहि हलावयाचें नसतें.

लांकडी नौकेंत हें सर्व जमत असे, कारण तेथें बैठक म्हणजे बाहेरून आणून ठेवलेली वस्तु नव्हती. तळाच्या कण्याला, ज्याला आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावर पठाण म्हणतात, समांतर अशा दोन भक्कम तुळया घालावयाच्या, त्या आडव्या बरगड्यांवर खांचा पाडून बसवावयाच्या, आणि आरपार बोल्टांनीं आवळावयाच्या, अशी ही साधी रीत. इंजिनाचा भार तुळयांवरून अनेक बरगड्यांवर व बरगड्यांवरून सगळ्या फळ्यांवर पसरे. लांकूड कुजे, नाहीं असें नाहीं. पण तें उघड्यावर कुजे. सुतार हातोडीनें ठोकून पाही. खणखणीत आवाजाच्या जागीं बद्द आवाज आला, सुरीचें टोंक आंत शिरलें, ओलसर वास आला, कीं निदान झालें. तेवढी तुळई काढून नवी घालावयाची. रोग आणि वैद्य यांच्यामध्यें कसलाहि पडदा नव्हता.

तो पडदा विसाव्या शतकानें आणला, आणि तो कांचेचा होता! १९३२ सालीं अमेरिकेंतील ओवेन्स-इलिनॉय या कांचकारखान्यांत डेल क्लाइस्ट नांवाचा एक तरुण कांचेचे ठोकळे एकमेकांस सांधण्याचा प्रयोग करीत होता. दाबलेल्या हवेचा झोत वितळलेल्या कांचेवर पडला आणि तिचे केसाहून बारीक तंतु उडाले. त्याचे वरिष्ठ गेम्स स्लेटर यांनीं या अपघाताचें मोल ओळखलें, आणि १९३८ सालीं ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी हे तंतु करण्यासाठींच निघाली. याच सुमारास पॉलिएस्टर नांवाची कृत्रिम राळ रसायनशास्त्रज्ञांनीं सिद्ध केली होती. ती द्रवरूपांत ओतावी, तींत थोडें दुसरें औषध मिसळावें, म्हणजे ती भट्टीवांचून दगडासारखी घट्ट होते. कांचेचे तंतु ओढ सोसतात, राळ त्यांना जागच्या जागीं धरून ठेवते. दोहोंच्या या संसारालाच आपण फायबरग्लास म्हणतों. दुसऱ्या महायुद्धांत विमानांच्या रडारवर घालावयाच्या टोप्या यापासून झाल्या, कारण रेडिओच्या लहरी यांतून निर्वेध जातात.

नौकेकडे या पदार्थाचें लक्ष लौकरच गेलें. ओहायो संस्थानांतील टोलेडो येथील रे ग्रीन यांनीं १९४२ सालीं फायबरग्लासची शिडाची लहान होडी तयार केली. युद्ध संपल्यावर अमेरिकन आरमारानेंहि अशा नौका करवून घेतल्या. पण मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आटोक्यांत ही वस्तु आली ती १९५९ सालीं. त्या वर्षीं न्यूयॉर्कच्या नौका-प्रदर्शनांत पीअर्सन बंधूंनीं ‘ट्रायटन’ ही सुमारें २८ फुटी शिडाची नौका मांडली. कार्ल ऑल्बर्ग यांनीं तिचा आराखडा केला होता, आणि पोटांत लहानसें पेट्रोल इंजिन होतें. पुढें अशा सातशेंहून अधिक नौका तयार झाल्या. तिच्या मागोमाग इतर कारखाने निघाले, आणि वीस वर्षांत लांकडी नौकेचा सुतार दुर्मिळ झाला.

यांत नवल कांहीं नाहीं. सांचाला मेण लावावें, त्यावर रंगीत राळेचा थर द्यावा, मग कांचतंतूंच्या चटया व विणलेलें कापड राळेंत भिजवून एकावर एक बसवावें. घट्ट झाल्यावर सांचांतून सबंध नौका बाहेर काढावी. एकहि सांधा नाहीं. किडा लागत नाहीं, फळ्यांच्या फटींत दरसाल कापूस व राळ भरावी लागत नाहीं. ‘न कुजणारी नौका’ अशी तिची ख्याति झाली, आणि ती खोटी नव्हती. ती फक्त अपुरी होती.

अपुरी कां, तें आतां पाहूं. फायबरग्लासचें कवच बळकट असतें, पण त्याच जाडीच्या मानानें तें लवचिक असतें. त्याला बरगड्या नाहींत. अशा कवचावर इंजिन ठेवावें तर तें धडधडीबरोबर पत्र्यासारखें थरथरेल. म्हणून कारखानदारांनीं जुनीच युक्ति केली. कवचाच्या आंत लांकडाच्या किंवा प्लायवुडच्या दोन लांब तुळया ठेवल्या, आणि त्यांवर कांचतंतु व राळ यांचे थर चढवून त्या कवचाशीं एकजीव केल्या. वरून पाहणाऱ्याला सगळें फायबरग्लासच दिसे. पुष्कळ मालकांना आपल्या नौकेंत लांकूड आहे याची वार्ताहि नव्हती. मग या तुळयांत भोंकें पाडून, जाड मळसूत्री खिळ्यांनीं इंजिनाचे पाय त्यांवर आवळले. दोष शिरला तो याच भोंकांतून.

इंजिनाखालीं पाणी सांचतें, तेल ठिबकतें. धडधडीनें खिळा किंचित् ढिला होतो, आणि त्याच्या कडेनें ओल आंत उतरते. उघड्या लांकडाला वारा लागला तर तें वाळतें. येथें वरचा फायबरग्लास ओलीला बाहेर जाऊं देत नाहीं. लांकडांतील ओल सुमारें २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली म्हणजे त्याला कुजविणाऱ्या बुरशीला आयतें घर मिळतें. पॉलिएस्टर राळेची लांकडाशीं मैत्रीहि बेताचीच. ओल्या लांकडापासून ती सुटूं लागते. दहा, वीस, तीस वर्षें हें काम गुपचूप चालतें. मग एके दिवशीं नौका नेहमींपेक्षां जास्त थरथरते. शाफ्टच्या तोंडाशीं पाणी अधिक येऊं लागतें. मेकॅनिक इंजिनाचे पाय आवळावयास जातो, तों खिळा आवळतच नाहीं, नुसता गरगर फिरतो. बाहेर काढला तर त्याच्याबरोबर काळा, ओला भुसा येतो. नौकेचें कवच अजून पन्नास वर्षें टिकेल असें असतें, आणि तिची बैठक मात्र संपलेली असते.

अशा वेळीं मोह होतो तो जाड खिळा ठोकण्याचा, किंवा भोंकांत राळ ओतून तें बुजविण्याचा. त्यानें एखादा हंगाम निघतो. ओल आंतच राहते व कुजणें पुढें सरकतें. खरा उपाय एकच, आणि तो कष्टाचा आहे. बैठक नव्यानें बांधणें.

प्रथम नौका जमिनीवर घेऊन तिला सर्व बाजूंनीं सारखा आधार द्यावा लागतो. कवच लवचिक असल्यामुळें आधार वांकडा तर नौका वांकडी, आणि नवी बैठकहि वांकडी. इंजिन उचलण्यापूर्वीं त्याच्या पायांच्या जागा, उंची व अंतरें एका लांकडी चौकटीवर उतरून घेतात. इंजिन निघाल्यावर शाफ्टच्या नळींतून एक तार ताणून बसवितात. पुढचें सारें मोजमाप त्या तारेवरून. मग वरचा फायबरग्लास कापून आंतील कुजका गाभा खरवडून काढावयाचा. येथें उतावीळपणा घातक. तेलकट जागा आधीं विद्रावकानें पुसून घेतल्यावांचून घांसली, तर तेल अधिकच आंत रुजतें आणि नवी राळ त्यावर धरत नाहीं. नंतर सगळें वाळूं द्यावें लागतें, आणि वाळावयाला कित्येक आठवडेहि लागतात.

नवा गाभा चांगल्या वाळलेल्या लांकडाचा असूं शकतो किंवा पाणी न पिणाऱ्या घट्ट कृत्रिम फेसाचा. गाभ्याचें काम मुख्यतः आकार देण्याचें. भार वाहतें तें त्यावरील कांचेचें आवरण, जसा कागद नुसता लवतो पण घडी घालून नळी केली तर उभा राहतो. मात्र जेथें बोल्ट आवळला जातो तेथें दाबाखालीं न चेपणारा पदार्थ हवाच. आवरण नव्या गाभ्यावरून खालीं कवचावर उतरतें त्या कोपऱ्यांत राळेचा गोलसर भराव देतात, कारण कांचतंतु काटकोनांत वळत नाहींत. त्यांच्याखालीं पोकळी राहते. जुन्या आवरणाला नवें जोडतांना जुन्याची कड लांब उतार देऊन घांसतात. जाडी एक असेल तर उतार बारा, असें साधारण प्रमाण धरतात. दोन तुकडे नुसते कडेला कड लावून चिकटविले तर तो सांधा पहिल्याच वादळांत बोलतो.

या कामीं पॉलिएस्टरऐवजीं एपॉक्सी नांवाची राळ वापरतात. ती लांकडाला व जुन्या फायबरग्लासला अधिक घट्ट धरते. मिशिगनमधील गूजन बंधूंनीं १९६९ पासून लांकडी नौकांसाठीं हिचा पद्धतशीर उपयोग रूढ केला. त्यांचा विचार साधा होता. लांकडाचा प्रत्येक पृष्ठभाग, प्रत्येक कड, प्रत्येक भोंक राळेनें बंद करावें, म्हणजे ओल आंत जाणारच नाहीं. म्हणून नव्या बैठकींत बोल्टाचें भोंक प्रथम मुद्दाम मोठें पाडतात, तें एपॉक्सीनें भरतात, आणि घट्ट झाल्यावर त्या एपॉक्सींत बोल्टाचें भोंक पाडतात. बोल्ट व लांकूड यांची गांठच पडत नाहीं. कित्येक कारागीर आवरणाखालीं पोलादाची जाड पट्टी घालून तिच्यांतच आटे पाडतात.

या बैठकीवर इंजिन येतें तें रबरी पायांवर. रबर व लोखंड यांचा सांधा करून इंजिन तरंगतें ठेवण्याची कल्पना मोटारींत १९३१ सालीं क्रायस्लर कंपनीनें लोकप्रिय केली. तेथून ती नौकांत आली. पण रबर आलें म्हणून सरळ रेषेची अट सुटली नाहीं. शेवटची जुळणी नौका पाण्यांत सोडल्यावरच करावयाची, आणि तीहि एकदोन दिवस तिला तरंगूं देऊन. कारण जमिनीवरची नौका व पाण्यांतली नौका यांचा आकार किंचित् निराळा असतो. इंजिनाची व शाफ्टची चकती समोरासमोर आणून त्यांमधील फट चोहोंबाजूंनीं मोजतात. चकतीच्या व्यासाच्या दर इंचामागें एक सहस्रांश इंचाहून अधिक फरक चालत नाहीं. चार इंची चकती असेल तर फरक चार सहस्रांश, म्हणजे साध्या कागदाच्या एका ताव्याच्या जाडीइतका! आठवडे खपून केलेलें अवजड काम शेवटीं कागदाच्या जाडीवर येऊन ठरतें.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें आपण विचाराल. या पदार्थाचा एक गुण असा कीं तो नष्ट होत नाहीं. लांकडी नौका म्हातारी झाली तर तिचें सरपण होतें, लोखंडी नौका वितळवितां येते. फायबरग्लासच्या जुन्या नौकेचें काय करावें, हा प्रश्न तिच्या जन्मदात्या देशांनाहि नीट सुटलेला नाहीं. ती दुरुस्त तरी करावी लागते, नाहीं तर खाडीच्या कांठीं तशीच पडून राहते. म्हणून बैठक बांधणारा कारागीर एकट्या मालकाचें हित करीत नाहीं. तो एक सबंध कवच कचरा होण्यापासून वांचवितो.

लांकूडहि दोषी नव्हे, याचें उदाहरण आपल्याजवळच आहे. गोव्यांत दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत भारतीय नौदलासाठीं ‘म्हादेई’ ही शिडाची नौका बांधली गेली व फेब्रुवारी २००९ मध्यें नौदलांत दाखल झाली. तिचें अंग लांकडी गाभ्यावर कांचतंतूंचें आवरण चढवून केलेलें आहे. याच नौकेंतून दिलीप दोंदे यांनीं २००९-१० सालीं एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली, असें करणारे ते पहिले भारतीय. आणि २०१२-१३ सालीं अभिलाष टॉमी यांनीं कोठेंहि न थांबतां तीच प्रदक्षिणा पुरी केली. गाभा लांकडाचाच होता. फरक इतकाच कीं, तो तेथें आहे हें बांधणाऱ्यांना ठाऊक होतें आणि त्यांनीं त्याचा मान राखला होता.

न कुजणारी वस्तु आपण केली अशा समजुतीनें आपण तिच्या पोटांत पाहणें सोडलें, ही या हकीकतींतील खरी चूक. जुना सुतार दरसाल हातोडीनें ठोकून पाहत असे, तो त्याचा लांकडावर विश्वास नव्हता म्हणून नव्हे. त्यावर आपला जीव अवलंबून आहे हें तो जाणत होता म्हणून. पुढच्या वेळीं लाँच सुटेल आणि पायांखालीं ती धडधड येईल, तेव्हां क्षणभर त्या काळोखांतील आसनाची आठवण करावी, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.